मालारची मानस

सत्तावीस वर्षं बोटीवर काढली.
कुठे राहता, असं कुणी विचारलं
की केबिनचा नंबर सांगायचो.
आता दिवाडीला, मालारच्या बांदावर
जेरोनिम तिउकडे असतो.
असतो म्हणतो. राहतो म्हणायला
जीभ अजून वळत नाही.

तिउ अठ्ठ्याऐंशीचा. दोन्ही डोळ्यांत फूल.
पण भरती चढू लागली की
त्याला आधी तळपायांत कळतं.
चिखलातून तो पुढे,
टॉर्च घेऊन मी मागे, घसरत.

मानस म्हणजे काय, ते घाटावरच्यांना सांगावं लागतं.
बांदाच्या पोटात एक लाकडी दार.
भरती आली की नदीच ते लोटून घेते,
ओहोटीला खाजनातलं पाणी ते उघडतं.
कडी नाही, कुलूप नाही.
आपण फक्त बघायचं,
फळीत ओंडका अडकलाय का,
खेकड्यांनी बांद पोखरलाय का.
एवढंच काम, तिउ म्हणतो.
आणि एकही रात्र चुकवत नाही.
(चौथीपर्यंत मराठी शाळेत होतो.
तिथे मानस म्हणजे मन, असं शिकवलं होतं.
दोन्ही एकदम आठवतं कधीकधी.)

आयताराला मीसमध्ये पाद्री बेनितो
द्राक्षवेलीबद्दल बोलले.
द्राक्षं आम्ही बघतो ती खोक्यातली, नाशिकची.
मग म्हणाले, त्याच्या प्रेमात राहा.
राहा. केवढासा शब्द.
मी मागच्या बाकावर, दाराजवळ.
बोटीवरची सवय, बाहेर पडायची वाट आधी हेरायची.
बसल्या बसल्या मोजू लागलो
काय काय राहिलं.
आईच्या मातीला पोचायचं राहिलं,
बोट तेव्हा सान्तुसच्या बंदरात होती.
सेल्मिराच्या पत्राला उत्तर राहिलं.
कुमसार राहिलं, एक वर्ष, मग एकोणीस.
जे झालं नाही
त्यालाही आपण राहिलं म्हणतो.
तसा मीही राहिलोय,
वाटलं,
त्याच्या हातून व्हायचं राहून गेलेलं
एखादं काम.

अमावास्येला उधाण आलं.
माडाचा बुंधा वाहत येऊन फळीत रुतला,
खारं पाणी भाताकडे निघालं.
मी छातीभर पाण्यात.
बुंधा कसाबसा ओढून काढला
आणि दाराला पाठ लावली,
पाय रोवले, दात आवळले,
किती वेळ कुणास ठाऊक.
मांड्या थरथरू लागल्या.
मनात म्हणत होतो, सुटलं तर माझ्यामुळे,
सगळं नेहमी माझ्यामुळेच सुटतं.

वरून तिउ ओरडला,
सोड रे!
दार नदीनं धरलंय. तू कशाला कण्हतोस?

सोडलं.
दार हललं नाही.
कधीपासून हलत नव्हतं, देव जाणे.

उपमा नीट बसत नाही, ठाऊक आहे.
खारं पाणी म्हणजे देव नव्हे,
आणि भात तर उरला अर्धाच.
पाद्रींना सांगितलं तर हसतील.
मला फक्त पाठ आठवते,
तिच्यावरचं ओझं उतरलं तेव्हाची,
आणि मागे ते दार,
माझ्याशिवाय घट्ट.

बांदावर बसून मी रडलो. तिउला दिसलं नसणार.
तो म्हणाला, राव मरे, घाई कसली.
कोंकणीत रावणं म्हणजे राहणं
आणि थांबणंसुद्धा.
एकच शब्द. इतकी वर्षं वापरला,
आणि आतमध्ये कुणी थांबलंय
हे बघितलं नाही.

घरी पेज झाकून ठेवलेली होती,
वर ताटली, ताटलीवर दगड, मांजरासाठी.
दोन वाडग्यांपुरती.
ती मी यायच्या आधीही
दोघांपुरतीच शिजायची म्हणे,
शेजारची दोमियाना सांगत होती.
तिउला विचारलं नाही.

परवा फेरीबोटीवर
नव्या पोरानं विचारलं, काका, कुठे राहता?
इथेच, म्हणालो.
बोट अजून नदीच्या मध्यावर होती.
त्यानं विचित्र बघितलं माझ्याकडे,
आणि दोर आवरायला गेला.